काका, त्या बोटभर वायरीबद्दल

आदरणीय वायरमन काका,
सप्रेम नमस्कार. माझ्या गाडीला चावीऐवजी बटणाने चालू व्हायची सोय करून दिलीत, त्याबद्दल हे पत्र.

चावीचं कुलूप काढून तिथे बटण बसवायचं काम तुमच्या आधीच्यांनीही केलं होतं. बॅटरीची वायर, इग्निशनची म्हणजे ठिणगीची वायर, सेल्फची वायर. सोलायची, बटणाला पिळायची, वर काळी टेप गुंडाळायची, झालं काम. सेल्फचा सोलेनॉइड (सेल्फला जोडणारा विजेचा चुंबक) ओढून घेताना वीस-तीस अँपिअर सहज मागतो आणि ते बटण होतं जेमतेम पाच-दहा अँपिअरचं. आतले पॉइंट जळून चिकटले की बटण सोडलं तरी सेल्फ फिरतच राहतो, मग बॅटरीची तार उपटण्याशिवाय इलाज नाही. यावर उत्तर काय मिळालं? ‘बटण डुप्लिकेट निघालं, दुसरं टाकतो.’

तुम्ही पक्कड हातात घेण्याआधी टेस्ट लॅम्प काढलात. वायरींच्या रंगावर भरवसा न ठेवता एकेक तपासली: कायम चालू कुठली, सेल्फ मारताना बंद पडणारी कुठली, सेल्फ मारतानाही चालू राहणारी कुठली. इंजिन बटण दाबलेलं असेपर्यंत नुसतं फिरायचं आणि बटण सोडल्यावर पकडायचं, त्याचं कारण तिथेच सापडलं. इग्निशन चुकीच्या वायरीला जोडलेलं होतं, ऐन सेल्फच्या वेळी ठिणगीच बंद. ‘कार्ब्युरेटर खोलायला लागेल’ असं छातीठोक सांगणाऱ्यांना हे एकदा दाखवायला हवं.

आता स्विचमधून जातो तो फक्त रिलेच्या (थोड्या करंटवर मोठा भार चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचच्या) कॉइलचा करंट, दीडशे-दोनशे मिलिअँपिअर. सगळा भार रिलेवर. प्रत्येक ४० अँपिअरचा, पायांवर नंबर: ३० नंबरला फ्यूजमधून बॅटरी, ८७ ला भार, ८६ ला स्विच, ८५ ला अर्थ. मुख्य फ्यूज बॅटरीच्या अगदी लगत, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली वायर घासून बॉडीला टेकली तर तिला वाचवणारं कोणी नाही. सेल्फच्या रिलेला स्विचची वीज इग्निशनच्या रिलेनंतर घेतलीत, आणि त्याचा अर्थ क्लचच्या स्विचमधून नेलात. इग्निशन चालू नसेल किंवा क्लच दाबलेला नसेल तर बटण दाबा नाहीतर ठोका, सेल्फ हलत नाही. चालू इंजिनावर चुकून बटण दाबलं गेलं तर सेल्फच्या गिअरचे दात घासायला नकोत म्हणून आणखी एक रिले, ज्याची कॉइल अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज देणारा) बॅटरी चार्ज करू लागला की ओढली जाते आणि ८७ए चा, एरवी जोडलेला असणारा, पॉइंट उघडून सेल्फची वाट बंद करते. बऱ्याच गाड्यांत हे काम कुलपातली खाच करते. कुलूप काढणाऱ्यांना खाच आठवत नाही.

आणि तो न थांबणाऱ्या इंजिनाचा घोळ! इग्निशन रिलेचा स्विच बंद केला तरी गाडी धडधडतच राहायची. ‘गिअरमध्ये टाका आणि क्लच सोडा, बंद होते’, असा सल्ला मिळाला होता, तोही पैसे घेऊन. चोर होता डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा. तो रिलेच्या कॉइलच्याच वायरीवर होता. स्विच बंद केला की अल्टरनेटरची वीज त्या दिव्यातून उलटी येऊन कॉइलला धरून ठेवायची. रिले ओढायला जेवढा व्होल्टेज लागतो त्यापेक्षा पुष्कळ कमी व्होल्टेजवरही तो धरलेला राहतो, त्यामुळे दोन वॅटच्या दिव्यातून झिरपणारी वीजही पुरते. तुम्ही दिव्याच्या वायरीत एक १एन४००७ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा) टाकलात, त्याच्यावरची पट्टी अल्टरनेटरच्या बाजूला. तसलाच डायोड प्रत्येक कॉइलवर आडवा, तिथे पट्टी ८६ कडे, म्हणजे कॉइल सुटताना उसळणारा झटका स्विचचे पॉइंट खाणार नाही. चिल्लर किमतीचा भाग, पण तो कुठे लावायचा हे कळायला डोकं लागतं.

स्टिअरिंगच्या लॉकबद्दल आधी कोणी चकार शब्द काढला नव्हता. कुलपाचं बॅरल उपटलं की आतला खटका स्प्रिंगने बाहेर यायला मोकळा होतो, आणि तो आला चालत्या गाडीत तर वळणावर स्टिअरिंग जाम. खटका पूर्ण काढून हातात दिल्यावरच तुम्ही पुढचं काम हाती घेतलंत. चावीत चिप असलेल्या गाडीचं हे काम घेऊन कोणी आलं, तर त्याला तुम्ही सरळ परत पाठवता, हेही पाहिलं. चिप वाचली गेली नाही तर इंजिन चालू होत नाही; तिथे रिले कितीही लावा.

हे सगळं कौशल्याचं झालं. पत्र लिहायला बसवलं ते त्या बोटभर वायरीनं. रिलेच्या झाकणाच्या आत क्लिपमध्ये अडकवलेली लाल वायर, दोन्ही टोकांना चपटे लग (धातूच्या पट्ट्या), मध्ये फ्यूज. इग्निशनचा रिले वाटेत मेला तर तो उपटायचा, होल्डरच्या ३० आणि ८७ मध्ये ही घालायची आणि घर गाठायचं. इंजिन थांबवायचं तर वायर ओढायची. ज्या होल्डरला चालते त्यावर पांढरा ठिपका, आणि सेल्फच्या होल्डरवर मार्करने फुली, कारण तिथे घातली तर सेल्फ थांबायचाच नाही. कोणी मागितली नव्हती. बिलातही नव्हती. झाकण उघडलं की अजून गलबलून येतं, आणि वायरीकडे बघून माणसाला असं व्हावं याचं हसूही येतं.

आपण नसताना गाडीवाल्याचं काय होईल, हा विचार करणारी माणसं भेटतात हो, पण कमी. बाकीच्यांना आपल्या कामाची गाठ आपल्यालाच सुटावी असं वाटतं, म्हणजे गिऱ्हाईक परत येतं. तुम्ही प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना नंबर घातलेत, लग डाग (सोल्डर) देऊन न भरता पक्कडीने दाबून वर स्लीव्ह चढवलीत, कारण डाग जिथे संपतो तिथेच वायर थरथरून तुटते. शेवटी सेल्फ मारताना बॅटरीच्या प्लसपासून सोलेनॉइडच्या ५० नंबरपर्यंत (सेल्फची वायर जिथे जोडतात तिथे) मीटर लावून दाखवलंत, वाटेत पडणारा व्होल्टेज अर्ध्या व्होल्टच्या आत. एवढं दाखवायची गरज नव्हती. दाखवलंत.

ब्लोअरचा भार अजून जुन्याच वायरीवर आहे आणि तिसऱ्या स्पीडला होल्डर गरम लागतो. त्यालाही एक रिले हवा. सवड सांगा, गाडी घेऊन येतो. आणि इग्निशन चालू राहिलं तर दिसावं म्हणून स्विचजवळ एक दिवा लावा असं तुम्हीच म्हणाला होतात, तोही त्याच वेळी उरकू.

तुमचा ऋणी,
एक गाडीवाला