पॅरिसच्या त्या अनोळखी मंडळींचे आभार

पॅरिसची मेट्रो १९०० सालची; १४ नंबरची लाइन सोडली तर बहुतेक ठिकाणी जिनेच जिने. एक पोर कडेवर, दुसरं बाबागाडीत, अशी आमची वरात. पण दर जिन्यापाशी कुणीतरी न सांगता गाडीचं पुढचं टोक उचलायचं आणि आम्ही ‘मेर्सी’ म्हणेपर्यंत गर्दीत पसार! त्या सगळ्यांचे मनापासून आभार. भोकाड पसरलेल्या धाकटीच्या हातात गरम ‘बगेत’ या लांबट फ्रेंच पावाचा शेंडा ठेवणाऱ्या बेकरीवाल्या मावशींचेही.

आणि लक्झेंबर्ग बागेतले ते आजोबा! तिथल्या हौदात पोरं भाड्याच्या शिडाच्या होड्या काठीने ढकलतात. थोरल्याची होडी मधोमध अडकली, तर वारा फिरेपर्यंत आजोबा त्याच्याशी फ्रेंचमध्ये गप्पा मारत बसले. हा पठ्ठ्या मराठीत उत्तरं देत होता. (आणि म्हणे पॅरिसकर तुसडे!)