या दिवाळीला येत नाहीये

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

फोनवर आई मला वाक्य पुरं करू देत नाही आणि बाबा मागून "खर्चाचं विचार" म्हणत राहतात, म्हणून लिहूनच सांगते. या दिवाळीला मी येत नाहीये. जानेवारीत येतेय, बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी, आणि चांगली महिनाभर राहणार आहे. तिकीट काढलंय. ऑक्टोबरात मी आणि ऑफिसातली मैत्रीण (तुझी कडबोळी डबा रिकामा होईपर्यंत खाल्ली होती ती) डेन्व्हरहून गाडी घेऊन युटाच्या वाळवंटात जातोय. कड्यांतली जुनी घरं बघायला, तंबूत राहून.

ऑक्टोबरच का? उन्हाळ्यात तिथे अंग भाजून निघतं, जुलै ते सप्टेंबर कोरड्या घळीतून अचानक पाण्याचा लोंढा येतो आणि नंतर थंडी कडाक्याची. शिवाय सीडर मेसाच्या दऱ्यांत उतरायला परवाना लागतो. तिथल्या मून हाउस या कपारीतल्या जुन्या वस्तीत तर दिवसाला २० माणसंच सोडतात, आणि आमचा नंबर लागलाय. शिवाय गुडघे. आई, ते मी तुझेच घेतलेत, तेव्हा चढउतार करायची ती आत्ताच. बघा, एकामागून एक कारणं देत सुटलेय. मला जायचंय, एवढंच आहे खरं तर.

बाबा, हे तुमच्यासाठी. वाटेत कोलोरॅडोतल्या मेसा व्हर्डेला कड्याच्या कपारीत पुएब्लो लोकांच्या पूर्वजांनी बांधलेली दगडी घरं आहेत, एकट्या क्लिफ पॅलेसमध्ये दीडशेच्या आसपास खोल्या. पाऊस वरच्या वालुकाश्मात मुरतो, खाली शेलच्या (चिकणमातीच्या घट्ट खडकाच्या) थरावर अडतो आणि कपारीच्या मागच्या भिंतीतून पाझरतो. म्हणजे घरातच झरा! होवनवीपला दऱ्यांच्या माथ्याशी, झऱ्यांजवळ मनोरे बांधलेत आणि वरच्या सपाटीवर पाणी अडवायला लहान लहान बांध. 'आधी मुरू द्या, मग साठवा' म्हणून तुम्ही साहेबांशी भांडायचात, तेच हे लोक आठशे वर्षांपूर्वी करत होते. मी फोटो काढून आणते, तुम्ही चुका काढा. १२७६ ते १२९९ मोठा दुष्काळ पडला, आपसात मारामाऱ्याही झाल्या असाव्यात, आणि १३०० च्या सुमारास वस्त्या मोकळ्या करून लोक दक्षिणेकडे गेले. ते गूढरीत्या गायब झाले असं काही पाट्यांवर अजून वाचायला मिळतं, त्याचा मला राग येतो. होपी, झुनी या आजच्या पुएब्लो जमाती त्यांच्याच वंशज आहेत आणि या जागांना आजही वाडवडिलांची घरं मानतात.

आई, तुला धान्याच्या कोठ्या दाखवायला हव्या होत्या. मातीच्या गिलाव्यात बोटांचे ठसे तसेच आहेत, तू अंगण सारवायचीस तेव्हा उमटायचे तसे. मी मागून ओल्यात पाय द्यायचे आणि तू धपाटा घालायचीस, मग पाय धुऊन द्यायचीस. दाणे काढलेली मक्याची कणसं, दळायचे दगड, सगळं जागच्या जागी पडलेलं असतं. उचलणं कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा आठवण म्हणून काही येणार नाही, आधीच सांगते.

आणि चित्रं! न्यूजपेपर रॉकच्या काळ्या पडलेल्या दगडावर साडेसहाशेहून जास्त आकृत्या टोचून कोरल्यात. मेंढे, पावलं आणि घोडेस्वारसुद्धा, म्हणजे काही स्पॅनिश लोक आल्यानंतरच्या. बाबा, कशेळीच्या सड्यावर कोरलेला हत्ती तुम्ही दाखवलात तेव्हा मी त्याच्या पाठीवर उभी राहून 'कुठाय?' विचारत होते. इथे तसं नाही, सगळं समोर कड्यावर. हॉर्सशू कॅनियनच्या ग्रेट गॅलरीत माणसाएवढाल्या आकृत्या आहेत, बहुतेकांना हातपाय नाहीत. जाऊन-येऊन अकरा किलोमीटर, आणि चढ येताना. पहाटे निघू.

आता काळजीचं. पाणी माणशी रोज चार लिटर, वर जादा कॅन गाडीत. थंडीची स्लीपिंग बॅग आहे, भाजणी आणि मेतकूट घेतलंय, चूल गॅसची. रेंज नसते म्हणून उपग्रहावरून मेसेज जाणारं यंत्र आहे, रोज संध्याकाळी दादाला कळवेन, तो तुम्हाला सांगेल. एखाद्या दिवशी नाही आला तर बॅटरी गेली समजा. मागे वेंगुर्ल्याला केलंत तसं सगळ्या गावाला उठवू नका. मोकी डगवे नावाचा कठडा नसलेला कच्चा घाट आहे, तो मी टाळतेय, ब्लँडिंगवरून डांबरी रस्त्याने जाणार. (बाबा, ही ओळ आईला वाचून दाखवू नका: बाल्कनी हाउसला ३२ फुटांची लाकडी शिडी आहे आणि पुढे बोगद्यातून रांगत जायचं. तिकीट मिळालं तर जाणार.)

आई, फराळ विकत आणा. सोऱ्या काढायचा नाही, मनगटाला डॉक्टरांनी काय सांगितलंय ते आठव. अनारसे करायचेच असतील तर पीठ करून ठेव, जानेवारीत मी तळते, म्हणजे तू बाजूला बसून ओरडशील. बाबा, बीपीची गोळी सकाळी, चहाच्या आधी. दिवाळीच्या दिवशी विसरलात असं चालणार नाही. ड्रॉप्सची तारीख बघा. आणि आकाशकंदील शेजारच्या मुलाकडून लावून घ्या. मी ३२ फुटांवर चढतेय म्हणून तुम्ही स्टुलावर चढायचं, असा हिशोब होत नाही.

उत्तर लिहूनच पाठवा. फोनवर ओरडू नका.

तुमची,
चिमू