तीन टिंबं

अंबाजोगाई,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय दिग्या,

आठ महिने ना पत्र, ना फोन. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. साखर आहे तिथंच, गोळी चालू, आई ठीक.

आपले मोडीचे सर असते तर त्यांच्याकडं गेलो असतो. पण त्यांनी आधी माझाच कान पिळला असता, म्हणून तू.

२०२३ साली मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तेव्हापासून मोडी वाचणाऱ्याला भाव आलाय. इतकी वर्षं 'मुंग्यांच्या पायाचे सर' म्हणून हसायचे, आता सकाळी सातला अंगणात माणसं. पिशवीत कागद, कागदाला डांबरगोळ्यांचा वास. कुणाचं वाटणीपत्र, कुणाचा कर्जरोखा, आणि शब्द एकच पाहिजे: कुणबी. सापडला की म्हातारी माणसं पाया पडतात. नाही सापडला की चहा न घेता उठतात.

गुरुवारी माझा एक विद्यार्थी आजोबांना घेऊन आला. (पटावर साठ, वर्गात सात. त्या सातातला हा. बाकीच्यांचा प्रश्न ठरलेला, "सर, हे एमपीएससीला येतं का?") कबुलायत होती, सारा भरायची लेखी कबुली; निजामाच्या महसुली सनाचं साल, १३२७ फसली. ५९० मिळव, १९१७. वर उर्दूत शेरा, खाली कुलकर्ण्याचा असला देखणा हात की तू असतास तर आधी वास घेतला असतास. खापरपणजोबाच्या नावापुढं 'कु', आणि मग कसरीनं खाल्लेलं हरभऱ्याएवढं भोक. भोकापलीकडं थेट 'मौजे'.

कुलकर्णी तेवढ्यात मावत नाही. कुणबी मावतं. पण कुंभारही मावतं की रे.

पोरगं म्हणालं, "सर, तुम्ही लिहून दिलं की झालं. बहिणीची ॲडमिशन अडकलीय." मी लिप्यंतर लिहिलं, 'कु' आणि पुढं तीन टिंबं. सरांनी शिकवलं तसं. आजोबांनी त्या टिंबांवरून बोट फिरवलं. "मास्तर, एवढ्या जागेत दुसरं काय मावंल?" पोरगं काहीच बोललं नाही. कागद जुन्याच घडीवर घातला आणि गेलं. शुक्रवारी वर्गात नाही, शनिवारीही नाही. आता सातातले सहा.

त्यात टेबलावर एक हाली रुपया पडलाय, चारमिनारवाला. मला नाद आहे हे त्या घराला ठाऊक; महिन्यापूर्वी आजोबांनीच हातावर ठेवला होता. तुला माहितीये मी किती हावरा, घेतला. तेव्हा भेट होती. आता परत करावा तर म्हाताऱ्याचा अपमान, ठेवावा तर झोप नाही. बायको म्हणते, देवात ठेवा. देवाला काय करायचाय निजामाचा रुपया!

हसायलास ना? मला माहितीये तुला काय आठवलं. दौलताबादचा कागद. 'न', मग भोक, मग दुरुस्ती. मलिक अंबरानं १६१० ला खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर, वसवली, पाण्याची नहर आणली, इथपर्यंत सगळ्यांना माहीत होतं; पुढं तिची डागडुजी कोण करत होतं, यावर माझ्या पीएचडीच्या प्रबंधाचं अख्खं चौथं प्रकरण उभं होतं. मी भोकात 'नहर' भरली. तू म्हणालास, "गाढवा, नगारखाना आहे." मी म्हणालो, "जळतोस." दोन वर्षं अबोला. तू महसुलात गेलास तो त्याच रागात, असं मला अजून वाटतं. तू पगाराचं कारण सांगतोस. आनंदीबाईनं 'ध'चा 'मा' केला तर अडीचशे वर्षं नाव निघतं. मी भोकाची नहर केली आणि डॉक्टर झालो.

आणि आता त्या पोराला टिंबं दाखवायलो.

कागदाचा फोटो पाठवतो. मी काय वाचलं ते विसरून बघ. आणि निवृत्तीला चार महिने आहेत तोवर रेकॉर्ड रूममध्ये कुणाला तरी बसव. त्या गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी काढ, भाऊबंदांची नावं वेगळी देतो. एखाद्या ठिकाणी तरी शब्द धडका असंल. कुंभार निघाला तर तसं सांगायला मीच जाईन.

सुमीचं लग्न ठरलं म्हणे, तेही तिसऱ्याकडून कळलं. गुडघा दाखवलास का? वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या

ता. क. दौलताबादच्या कागदाची झेरॉक्स काल माळ्यावरून काढली. भोकापलीकडं 'न्याची' आहे. तेव्हा ती कारकुनाची चूक म्हणून मी तळटीप टाकली होती. नगारखानाच आहे, दिग्या.