विषय: सतरा आसनी गाडीच्या मागच्या एसीत थंडावा नसणे आणि ‘जाळीवर पाणी मारा’ हा तुमचा सल्ला

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या माणसाशी आज दुपारी फोनवर जे बोलणं झालं, त्यानंतर हे पत्र लिहितो आहे. यापुढे मी फोन करणार नाही. चासी नंबर, तक्रार क्रमांक, जॉब कार्डं सगळं तुमच्या कॉम्प्युटरवर आहे. गाडी तुमचीच असल्यामुळे तिच्यात काय कुठे बसवलंय हेही तुम्हाला सांगायला नको. एकच कॉम्प्रेसर, त्यावर दोन कूलिंग कॉइल, एक डॅशबोर्डखाली आणि एक मागे छतात. रेडिएटरच्या पुढे कंडेन्सर, म्हणजे गॅसमधली उष्णता बाहेर टाकणारी जाळी, आणि त्याचा पंखा.

गाडी रनिंगला असली की मागे जेमतेम थंडावा मिळतो. गाडी थांबली की पाच-सात मिनिटांत छताच्या जाळीतून नुसता वारा येतो, तोही कोमट. पुढे ड्रायव्हरच्या बाजूला बरं असतं, म्हणून तुमचा मेकॅनिक पुढे बसून हात लावतो आणि ‘एसी ओके’ असं लिहितो. शेवटच्या सीटवर जाऊन बसा, असं मी प्रत्येक वेळी सांगितलं. एकदाही कोणी बसलं नाही.

मी गुहागर तालुक्यातला. गाडी माझी, चालवतोही मीच, घर त्यावरच चालतं. गणपतीपुळ्याची, हेदवी-वेळणेश्वरची भाडी, मे महिन्यात लग्नाची वऱ्हाडं, गणपतीला चाकरमानी. या गाडीला थांबणं चुकत नाही. परशुराम घाटात वाहतूक अडकते, तवसाळला जयगडच्या फेरीबोटीसाठी रांग लागते. याच मे महिन्यात घाटात अडकलो असताना मागच्या सीटवरच्या एका आजीबाईंना घेरी आली. त्यांच्या मुलाने मला विचारलं, “एसी गाडीचे पैसे घेतलेत ना तुम्ही?” त्या माणसाचं काहीच चुकलं नव्हतं. एसीच्या भाड्यातला फरक मी परत दिला. आजीबाईंची माफी मागितली, तीही मीच. ती तुम्ही मागायला हवी होती.

आता तुमच्या वर्कशॉपच्या उपायाबद्दल. दर वेळी एकच उपाय: गॅस भरला. मी आयटीआय केलेला माणूस आहे, डिझेल मेकॅनिक. एसीतला गॅस डिझेलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय, मग गळती शोधा. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचं पाणी लावा, किंवा नळ्यांत चमकणारा रंग सोडून अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली बघा. कमी झाला नसेल, तर वर आणखी कशासाठी भरलात? किती ग्रॅम भरायचा याचा स्टिकर तुम्हीच बॉनेटखाली लावलाय. तरीही तुमच्या माणसाने वजनकाटा न लावता अंदाजाने भरला. आधीचा होता तो माझ्या डोळ्यांदेखत हवेत सोडून दिला. आर-१३४ए हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशेपटीच्या आसपास वातावरण तापवतो. तो यंत्राने ओढून घ्यायचा असतो हे तुमच्या वर्कशॉपला मी शिकवायचं का?

शेवटी चिपळूणच्या एका एसी मिस्त्रीकडे गेलो. त्याने आधी दाब मोजणारे गेज लावले, तेही शेवटच्या सीटवर बसून आल्यावर. गाडी उभी, इंजिन आयडलला, तर हाय साइडचा, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूचा, काटा तीनशे पीएसआयच्या पुढे चढत गेला. रेस दिली, पुढून मोठा फॅन लावला, तर काटा खाली आला. मग त्याने कंडेन्सरच्या जाळीवर पाइपने साधं पाणी मारलं. दोन मिनिटांत मागच्या जाळीतून थंडगार हवा यायला लागली. म्हणजे कॉम्प्रेसर ठीक आहे, मागची कॉइल आणि तिचा व्हॉल्व्हही ठीक आहे. कंडेन्सरला उष्णता बाहेर टाकता येत नाही, हा दोष आहे. बॅटरीने पाहिलं तर जाळीच्या फिन्सवर, म्हणजे पातळ पत्र्यांवर, पांढरी भुकटी, खालच्या बाजूच्या फिन्स हात लावताच तुटत होत्या. पंखाही फिरायला हवा त्याहून हळू फिरतोय. अशा स्थितीत जास्तीचा गॅस भरला की दाब आणखी चढतो आणि थंडावा आणखी कमी होतो. तुमच्या वर्कशॉपने दर वेळी दुखणं वाढवून गाडी परत दिली, आणि जॉब कार्डावर एकदाही दाबाचा आकडा लिहिला नाही.

हे सगळं मी आज फोनवर सांगितलं. आधी संगीत, मग एक मुलगी, मग पुन्हा संगीत, मग तुमचे तांत्रिक साहेब. ते संभाषण जसं झालं तसं लिहितो, कारण कॉल रेकॉर्ड होतो असं तुम्हीच सुरुवातीला सांगता. तो काढून ऐका.

ते म्हणाले, “सर, तुमच्याकडे हवा दमट असते, त्यामुळे थंडावा कमी वाटतो.”

मी म्हटलं, वाटत नाही, थर्मामीटर लावलाय.

“थर्मामीटर कंपनीचा आहे का?”

मी गेजचे आकडे सांगितले. “ते बाहेरच्या मेकॅनिकचे, आम्ही धरत नाही.” मग तुमच्या मेकॅनिकचे सांगा, म्हटलं. थोडा वेळ कीबोर्डचा आवाज. “सर, सिस्टममध्ये एसी ओके दिसतंय.” मी पाण्याची गोष्ट सांगितली. पाणी मारलं की गाडी गार होते, यावरून दोष कुठे आहे ते कळतं, हे शक्य तितक्या शांतपणे समजावलं. त्यावर ते म्हणाले, “मग सर, तुम्हाला उपाय मिळालाच आहे. गाडीत एक कॅन ठेवा. थांबलात की जाळीवर पाणी मारा.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, न हसता. मी विचारलं, घाटात मागे ट्रक उभे असताना मी खाली उतरून पाणी मारायचं? त्यावर म्हणाले, “क्लीनर असेल ना सर.” लाखो रुपये मोजून घेतलेल्या एसी गाडीवर एक माणूस कॅन घेऊन ठेवायचा. मी म्हटलं, हे मला लेखी द्या. त्यांनी फोन ठेवला. थोड्याच वेळात मेसेज आला की तक्रारीचं समाधानकारक निराकरण झालं असून ती बंद करण्यात आली आहे. ज्याने ती बंद केली त्याला मे महिन्यात दुपारी माझ्या मागच्या सीटवर तवसाळपर्यंत बसवा, आणि मग समाधान कशाला म्हणतात ते त्याच्या तोंडून ऐका.

हवा दमट असते, हे मला सांगू नका. माझा जन्म इथला. रत्नागिरीत पारा बहुतेक दिवस ३३-३४च्या आतच राहतो, पण घाम वाळत नाही. दमट हवेत एसीला दुहेरी काम पडतं. हवा गार करायची आणि तिच्यातलं पाणीही काढायचं. एक लिटर पाणी काढायला जवळपास अडीच हजार किलोज्यूल उष्णता ओढावी लागते, आणि ती सगळी शेवटी त्याच कंडेन्सरमधून बाहेर जायची असते. म्हणूनच समुद्रकाठी कंडेन्सर आणि पंखा दणकट हवा, जाळीला गंज न धरणारा लेप हवा. इथल्या हवेत मीठ आहे ही बातमी नाही. गाडी तुम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या शोरूममध्ये विकलीत, कागदपत्रांवर पत्ता समुद्रकाठचा आहे, आणि आता गंज हा ‘बाहेरील कारण’ म्हणून वॉरंटीत बसत नाही म्हणता. मग ही गाडी इथे विकली कशाला?

शिवाय मागच्या युनिटची पाणी जाणारी नळी तुंबून थेंब प्रवाशांच्या डोक्यावर पडतात, तेही आधीच्या तक्रारीत लिहिलंय. जॉब कार्डावर त्याचाही उल्लेख नाही. जॉब कार्डावर दाबाचे आकडे नाहीत, हे पुन्हा लिहितो, कारण पुन्हा पुन्हा सांगूनही ते आलेले नाहीत.

माझ्या वडिलांनी तुमच्याच कंपनीच्या टेम्पोतून हापूसच्या पेट्या वाशी मार्केटला नेल्या. त्यांचा शब्द होता की ही कंपनी गाडीच्या पाठीशी उभी राहते. त्या शब्दावर मी दुसऱ्या कंपन्यांची गाडी बघायलाही गेलो नाही. त्यांना हे सगळं कसं सांगू, हे मला कळत नाही.

मला पुढच्या गोष्टी हव्यात. कंडेन्सर बदलून लेप असलेला द्या. पंख्याची मोटर तपासून बदला. सगळा गॅस यंत्राने काढा, व्हॅक्यूम करा, स्टिकरवर लिहिलंय तेवढाच वजन करून भरा. आयडलला आणि रेसला दोन्हीकडचे दाब आणि शेवटच्या सीटवरचं तापमान जॉब कार्डावर लिहून सही करा. ती चाचणी भर दुपारी, गाडी उभी ठेवून, माझ्यासमोर व्हावी. गॅससाठी घेतलेले पैसे परत करा. ‘समाधानकारक निराकरण’ असा शेरा मारलेली तक्रार पुन्हा उघडा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जातो. गाडी व्यवसायासाठी आहे म्हणून मी ग्राहक नाही, असं तुमचा वकील म्हणेल. त्याने २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा काढून कलम २(७) खालचं स्पष्टीकरण वाचावं. स्वयंरोजगारातून फक्त स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू त्यात व्यावसायिक धरलेली नाही. कलम ३४ प्रमाणे मी राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, तेव्हा मुंबई-पुण्याला हेलपाटे मी घालणार नाही, तुम्हाला इथे यावं लागेल. याल तेव्हा माझ्याच गाडीने या.

जॉब कार्डं, पावत्या, गेजचे आणि जाळीचे फोटो, पाणी मारतानाचा व्हिडिओ सोबत जोडला आहे. फोन करू नये. जे सांगायचं ते लेखी सांगावं.

वाहनमालक व चालक
ता. गुहागर, जि. रत्नागिरी