गडी राखून

पुणे, रविवार रात्र

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर "आई, जिंकलो" म्हणालीस आणि पुढे बोलेचनास. मला वाटलं रेंज गेली. मग कळलं, रडते आहेस. दुसऱ्या डावात पळताना, खांबाला वळसा घालताना तुझ्या मैत्रिणीचा गुडघा पिळवटला. तू कर्णधार. तू विचारलंस, "जमेल ना?" ती म्हणाली, "जमेल." शेवटच्या आक्रमणाला ती लंगडत येऊन बसली, तीनदा खो मिळाला, तीनदा उठून धावली. तुम्ही जिंकलात आणि तिचा पाय आता महिनाभर प्लॅस्टरमध्ये. "आई, जिंकल्यासारखं वाटतच नाही गं."

मला फोनवर काही सुचलं नाही. आज कचेरीतून आल्यावर हे लिहायला बसले.

तुला माहीतच आहे, 22 वर्षं मी मुद्रितं तपासते आहे. रात्री सगळ्यात शेवटी खेळाचं पान येतं. त्या एका पानावर 'विजय' दहा-बारा वेळा असतो. तोच तोच शब्द नको म्हणून मुलं तो बदलत राहतात: मात केली, धूळ चारली, धुव्वा उडवला, लोळवलं, पाणी पाजलं. नीट बघ, या सगळ्यांत समोरच्याचं काय झालं तेवढंच सांगितलंय. जिंकणाऱ्याकडे काय उरलं, याचा पत्ता नाही.

ते सांगणारा शब्द त्याच पानावर असतो, आणि तो मला फार आवडतो. 'राखून'. क्रिकेटमध्ये आधी फलंदाजी करून जिंकलं की आपण 'धावांनी' विजय म्हणतो. धावांचा पाठलाग करून जिंकलं की '6 गडी राखून' म्हणतो. खो-खोत 'मिनिटं राखून'. तुमच्याच सामन्याची बातमी आज आली, दोनच ओळींची: '1 गुण व 3 मिनिटे राखून'. मी त्या ओळीवर लाल पेन धरून बसून राहिले. वेळ राखली होती पोरींनी. गडी राखला नव्हता.

हे तुला टोचायला लिहीत नाही. तू 19 वर्षांची आहेस, मैदान दणाणत होतं, आणि ती स्वतः "जमेल" म्हणाली होती. पण तुझ्या मागे राखीव मुली बसलेल्या होत्या, हेही खरं. तुला रडू आलं ते त्यासाठीच, आणि ते रडू योग्य आहे. "होतं असं खेळात" म्हणून ते पुसून टाकू नकोस.

आपण कात्रज-सिंहगड ट्रेकला गेलो होतो तेव्हा तू चौथीत असशील. कल्याण दरवाजापाशी तू विचारलं होतंस, "गड जिंकला ना, मग महाराज रडले का?" 4 फेब्रुवारी 1670 च्या त्या रात्री कोंढाणा हाती आला आणि तानाजी पडले. 'गड आला, पण सिंह गेला' हे वाक्य महाराजांच्या तोंडी आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलोय. त्या वाक्यात 'जिंकला' नाहीच. गड 'आला', एवढंच. विजयाची बातमी सांगताना जिंकल्याचं क्रियापद जिभेवर आलं नाही, असं मला दरवेळी वाटतं. तुलाही काल दुसऱ्यांदा "जिंकलो" म्हणवलं नाही.

एक फरक मात्र तुला सांगायचाय. परीक्षेत 'यश' मिळतं, 'विजय' नाही. डॉक्टरांच्या हाताला यश असतं, औषधाला यश येतं. यशाला समोर कुणी हरावं लागत नाही. विजयाला लागतं. 'जि' हा धातूच जिंकण्याचा, त्यातूनच जय, विजय, जेता, साताऱ्याचा अजिंक्यतारासुद्धा. आणि 'पराजय' उच्चारून बघ, त्यातही जय आहेच, फक्त 'परा' म्हणजे दूर गेलेला. बाबा गॅसचा सिलिंडर मिळाला तरी "काम फत्ते!" म्हणतात. तो शब्द अरबीतून आलेला, त्याचा मूळ अर्थ उघडणं. म्हणजे दार उघडलं की फत्ते, मग आत कोण कसं वागतं ते पुढचं.

माझंही एक सांगते. तू सातवीत होतीस. दिवाळी अंक छपाईला जायचा होता आणि आजी दवाखान्यात होती. मी "दोन दिवसांत येते" म्हटलं आणि चार दिवस मुद्रितं तपासत राहिले. अंक वेळेत निघाला, पेढे वाटले गेले. आजीने मात्र त्या चार दिवसांत दारात पाऊल वाजलं की मान वळवून पाहिलं होतं. हे मला नंतर मावशीने सांगितलं. आजी बरी होऊन घरी आली, कधी बोलली नाही. तो अंक कपाटात आहे, पण मी तो चाळत नाही.

म्हणून सांगते, तिच्याकडे जा. मेसेज पाठवून भागवू नकोस. पदक दाखवायला जाऊ नकोस आणि "सॉरी" म्हणून लगेच उठूही नकोस. तिच्या पलंगाशी बस. कॉलेजच्या वह्या उतरवून दे. तिच्या आईला "काकू, चूक माझी होती" एवढं तोंडाने सांग. त्या रागावल्या तर ऐकून घे. आणि पुढच्या सरावाला संघ बसवताना राखीव मुलींची नावं आधी लिही.

बुधवारी बाबांचे मित्र कोल्हापूरला येताहेत. त्यांच्याबरोबर डिंकाचे लाडू पाठवते. दोन डबे आहेत. निळ्या झाकणाचा तिचा, त्यात खारीक जास्त घातली आहे. तुझा वसतिगृहात दोन दिवसांत संपेल, तेव्हा तिच्या डब्याला हात लावू नकोस.

तुझी,
आई