आपल्याकडे पऱ्या नाहीत म्हणे!

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी मुलांच्या पुरवणीत पऱ्यांवर एक पान होतं, चित्रं झकास होती, पण मधेच एक वाक्य टाकलेलं की आपल्याकडे पऱ्या नसतात, आपल्याकडे नुसती भुतंखेतं. ते वाचून राहवलं नाही म्हणून हे टाइप करतेय.

अहो, मग साती आसरा, पाण्यात राहणाऱ्या त्या सात बाया, कुठे गेल्या? अप्सरा शब्दच झिजून झिजून आसरा झालाय. घाटावर कुठल्याही जुन्या विहिरीपाशी, नदीच्या डोहाकाठी बघा, शेंदूर फासलेले सात दगड ओळीने मांडलेले दिसतील, शेजारी आठवा असला तर तो भाऊ, म्हसोबा. सातजणींना नावंपण आहेत, मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा, मकरी. म्हणजे मासा, कासव, खेकडा, बेडूक, मगर, पाण्यातलं अर्धं गणगोत या नावांतच बसलंय! आमच्या आजीला यातलं एकही नाव माहीत नव्हतं, ती आपली पोहरा सोडायच्या आधी हात जोडून "बायांनो, सांभाळा गं" एवढंच म्हणायची.

आता त्या गोडबिड नाहीत हे मान्य. भर दुपारी एकटं विहिरीवर गेलं, ओली बाळंतीण पाणवठ्यावर गेली की आसरा धरतात म्हणायचे, मग खणानारळाने ओटी भरा, हिरव्या बांगड्या ठेवा, दहीभाताचा नैवेद्य दाखवा. पण तिकडच्या जुन्या पऱ्या तरी कुठे गोड होत्या? आयर्लंड-स्कॉटलंडात खेड्यातली माणसं त्यांचं नावसुद्धा घ्यायची नाहीत, 'भली मंडळी' म्हणून वेळ मारून न्यायची, आणि त्या बाळ पळवून दुसरंच ठेवून जातात म्हणून पाळण्यापाशी लोखंडाची वस्तू ठेवायची. आपल्याकडे बाळंतिणीच्या उशाखाली विळा नाहीतर सुरी ठेवतात, तसंच की! पंख तर त्यांना फार उशिरा फुटले, अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकारांची ती करामत. आणि परी हा शब्द मुळात फारसी, तो इंग्रजांबरोबर आलेला नाही.

हे मी मनाचं सांगत नाहीये. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन, ज्याला २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेरेंनी नाटकाच्या थिएटरात गोळ्या घातल्या, तोच, त्याला या गोष्टींचा भारी नाद. गावोगावच्या शाळामास्तरांना प्रश्न पाठवून त्याने उत्तरांचा ढीग जमवलेला, तो त्याच्यामागे एन्थोवेन नावाच्या दुसऱ्या साहेबाने छापला, १९१४ ला गुजरातचा भाग, १९१५ ला कोकणचा. त्या कोकणच्या भागात आमच्या बाया आहेत. (मास्तर लोकांनी सरकारी प्रश्नाला किती मन लावून उत्तरं दिलीत ते मुद्दाम बघण्यासारखं आहे.)

आजीच्या गावच्या विहिरीवर आता लोखंडी जाळी बसलीय, पाणी मोटरने वर येतं, पोहरा कुठे गेला कुणास ठाऊक. दगड मात्र जाग्यावर आहेत आणि मे महिन्यात गेले होते तेव्हा त्यांच्यापुढे ताज्या बांगड्या होत्या.

तेव्हा पुढच्या पुरवणीत तुमच्या चित्रकारांना एकदा या सातजणी काढायला सांगा. पंख नकोत, छडी नको, हिरवा चुडा तेवढा विसरू नका.

आपली,
एक जुनी वाचक