‘दुर्मीळ’ म्हणण्यापूर्वी पक्षी नीट पाहावा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

थंडी पडू लागली की मुंबईच्या किनाऱ्यावरील पक्ष्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत आणि मोबाइलवर दिसू लागतात आणि त्यांच्याखाली ‘दुर्मीळ पाहुणा’ हे शब्द हमखास असतात. शहरातील माणसांना या पक्ष्यांविषयी कुतूहल वाटते याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र गेल्या काही हिवाळ्यांत माझ्या पाहण्यात आलेल्या अशा मजकुरांपैकी अनेकांत पक्ष्याची ओळखच चुकलेली होती, तर काहींत दरवर्षी हजारोंनी येणाऱ्या पक्ष्याला दुर्मीळ ठरवले होते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सर्वांच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. गेटवेहून मांडव्याला किंवा घारापुरीला जाणाऱ्या लाँचमागे पांढऱ्या पक्ष्यांचा थवा लागतो आणि प्रवासी त्यांना शेव-गाठ्या टाकतात (हे खाणे त्यांच्या प्रकृतीचे नाही, ते टाकू नये). या सगळ्यांना आपण सरसकट ‘सीगल’ म्हणतो. प्रत्यक्षात सीगल नावाची एखादी प्रजाती नाही. मराठीत या पक्ष्यांना कुरव असा चांगला शब्द आहे आणि त्या एका थव्यातही तपकिरी डोक्याचा, काळ्या डोक्याचा आणि बारीक चोचीचा असे तीन कुरव एकत्र असू शकतात. गोंधळ नावापासूनच सुरू होतो, कारण हिवाळ्यात पहिल्या दोघांच्याही डोक्यावर तो रंग नसतो. कानामागे एक काळसर ठिपका तेवढा उरतो आणि डोके पुन्हा रंगू लागते ते परतीच्या सुमारास. अशा वेळी पंख पाहावा लागतो. तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाच्या पंखाचे टोक रुंद काळे असून त्यात पांढरे ठिपके असतात आणि डोळा फिकट असतो. काळ्या डोक्याच्या कुरवाचा डोळा गडद असतो आणि पंखाच्या पुढच्या कडेला पांढरा पट्टा असतो. तिसऱ्याचे कपाळ उतरते व चोच लांब असते. आता यात पिल्लावस्थेतून नुकतेच बाहेर पडलेले, डोळा अजून गडद असलेले तपकिरी डोक्याचे कुरव मिसळले, की केवळ डोळ्यावरून केलेली ओळख चुकते. मोठ्या कुरवांना तर पूर्ण पिसारा येण्यास साधारण चार वर्षे लागतात आणि दर वर्षी त्यांचे रूप बदलते, त्यामुळे त्यांच्याविषयी अनुभवी निरीक्षकांतही मतभेद होतात.

चिखलात चोच खुपसून खाणाऱ्या लहान पक्ष्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी शिवडीच्या धक्क्यावरून एका सकाळी किंचित वाकड्या चोचीचा एक करडा पक्षी मला दिसला आणि मी वहीत ‘डनलिन’ असे लिहिले. डनलिन आपल्या किनाऱ्यावर कमी दिसतो, त्यामुळे मी फार आनंदलो होतो. थोड्या वेळाने तो पक्षी उडाला, तेव्हा शेपटीच्या मुळाशी सलग पांढरा पट्टा स्पष्ट दिसला. डनलिनच्या त्या भागाच्या मधोमध गडद रेघ असते. सलग पांढरा भाग कर्ल्यू सँडपायपरचा, आणि हा पक्षी आपल्याकडे दर हिवाळ्यात येतो. मी ती नोंद खोडली. तो उडाला नसता तर चुकीची नोंद कायम राहिली असती, हा विचार अजूनही मनातून जात नाही.

त्या चुकीत जागेचा आणि वेळेचाही वाटा होता. शिवडीचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी सूर्य समोर येतो, पक्षी काळ्या आकृतींसारखे दिसतात आणि पायांचा किंवा पिसांचा रंग मुळीच खरा कळत नाही. तेथे दुपारनंतर जावे. त्याहूनही महत्त्वाची आहे ती भरती. पूर्ण ओहोटीला पक्षी दूरवर पसरलेले असतात, पाणी चढू लागले की ते हळूहळू किनाऱ्याकडे सरकतात आणि तेव्हाच त्यांना शांतपणे पाहता येते. भरतीची वेळ काढण्यासाठी तिथीला पाऊणने गुणण्याचा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब पुरतो: अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला बाराच्या आगेमागे. ऐन भरतीच्या वेळी हे पक्षी मिठागरांत आणि पाणथळ जागांत विश्रांती घेतात. उडत्या थव्याचे छायाचित्र मिळावे म्हणून त्यांना तेथून उठवणारे लोक मी पाहिले आहेत. ही विश्रांती मोडली तर दूरच्या प्रवासासाठी साठवलेली शक्ती खर्च होते. छायाचित्र कितीही चांगले आले तरी ते कृत्य चूकच आहे.

एवढ्या बारकाव्याची गरज काय, असे कोणी विचारील. पूर्व सायबेरियात वीण करणारा ग्रेट नॉट हा चिखलात खाणारा पक्षी आपल्या किनाऱ्यावर फार थोड्या संख्येने येतो. दक्षिण कोरियातील सेमांगम येथे 33 किलोमीटरची भिंत 2006 मध्ये पूर्ण झाली आणि चिखलाचे अफाट मैदान समुद्रापासून तोडले गेले, त्यानंतर या पक्ष्याची संख्या मोठ्या प्रमाणावर घटली. आज तो जागतिक पातळीवर संकटग्रस्त मानला जातो. म्हणून त्याची एकेक खरी नोंद मोलाची ठरते आणि एकेक खोटी नोंद तितकीच घातक. याहून दुःखद गोष्ट स्लेंडर-बिल्ड कर्ल्यू या लांब वाकड्या चोचीच्या पक्ष्याची आहे. मोरोक्कोच्या किनाऱ्यावर 1995 मध्ये तो शेवटचा निश्चितपणे दिसला. पुढे तो दिसल्याचे अनेक दावे झाले, पण साध्या कर्ल्यूशी असलेल्या साम्यामुळे त्यांतला एकही निर्विवाद ठरला नाही आणि अखेर तो नामशेष झाल्याचे जाहीर करावे लागले.

आपल्या दाराशीही हाच प्रश्न आहे. पूर्वी लेसर सँड प्लोव्हर या एका नावाने ओळखला जाणारा चिखल्या आता तिबेटी आणि सायबेरियन अशा दोन प्रजातींत विभागला गेला आहे, त्यामुळे जुन्या छायाचित्रांकडेही नव्याने पाहावे लागते. ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये घोषित झाले आणि 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, तर शिवडीहून निघणारा अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये खुला झाला. या बदलांचा पक्ष्यांवर काय परिणाम झाला, हे सांगायला आपल्याकडे वर्षानुवर्षांच्या गणनेशिवाय दुसरे साधन नाही. ती गणना केवळ रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांची असून चालणार नाही, आणि ओळख चुकीची असेल तर गणनेचाही उपयोग नाही.

म्हणून आपणांस नम्र विनंती आहे, की अशा पक्ष्याची बातमी छापताना तारीख, ठिकाण, भरती होती की ओहोटी आणि कोणत्या लक्षणांवरून ओळख पटली हे दोन ओळींत द्यावे. पंख उघडलेले व शेपटीचे मूळ दिसेल असे छायाचित्र असल्यास तेच निवडावे. ओळख पक्की नसेल तर ‘ओळख अद्याप निश्चित नाही’ असे लिहावे. त्यात कमीपणा काहीच नाही. 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह आपल्या राज्यात मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिनांना जोडून साजरा होतो. चितमपल्लींनी पक्ष्यांची मराठी नावे आयुष्यभर जमवली. निदान त्या आठवड्यात तरी आपल्या पानांवर सीगलऐवजी कुरव छापून यावा. तसेच जानेवारीत पाणपक्ष्यांची वार्षिक गणना होते, तिची बातमी देताना एकूण संख्येऐवजी प्रजातीनिहाय आकडे प्रसिद्ध करावेत. जागा कमी पडल्यास छायाचित्र लहान केले तरी चालेल.

कळावे,

आपला नियमित वाचक,
मुलुंड (पूर्व), मुंबई